चिकटपट्टीखालची आग

४ नोव्हेंबर

सकाळी कचेरीत रजेचा अर्ज दिला. दुपारी लाम्पांगच्या इस्पितळात दाखल झाले. ऑपरेशन उद्या. दोन वर्षांपूर्वी डावा स्तन काढला. आई गेल्यावर, मे महिन्यात, तिथे फुगा घालून कातडी ताणली. उद्या फुगा काढून सिलिकॉनचं पक्कं बसवणार.

नर्स दारनीने फॉर्म भरून घेतला. "कशाची ॲलर्जी, ऑयताई? औषध, कोळंबी, चिकटपट्टी?" मागे रांग होती. नाही म्हटलं. फुग्याच्या वेळी पट्टीखाली लाल झालं होतं – पण तेवढं सगळ्यांचंच होत असेल. उगीच तिचं काम कशाला वाढवा!

आईला आणि मला एकच दुखणं. माझं वेळेत कळलं, तिचं नाही. शेवटी शेवटी म्हणायची, "ऑय, तू करून घे. ब्लाउज नीट बसला की माणूस सरळ चालतो."

६ नोव्हेंबर

झालं. छातीवर वीट ठेवल्यासारखं वाटतंय. वाकून पाहिलं. दोन्हीकडे उंच!

८ नोव्हेंबर

घरी आले. माझी सेंगला मावशी सोबतीला आली आहे. आईच्या वेळीही मी कचेरीत गेले की तीच आईजवळ बसायची.

आल्या आल्या तिचे नियम सुरू. अंडं नाही, कोंबडी नाही आणि चिकट भात तर समोरसुद्धा नाही. "जखम पिकते!" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले काहीही खा. "तो बँकॉकचा. त्याला चिकट भातातलं काय कळतंय!"

दोन वेळा पातळ पेज.

१० नोव्हेंबर

मावशी देवळात गेली होती. तिच्या टोपलीत सकाळचा चिकट भात उरला होता, वाटीत भाजल्या मिरचीचा ठेचा. उभ्याउभ्याच खाल्ला. तीन मुठी. आई गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. टोपलीचं झाकण होतं तसं लावलं.

११ नोव्हेंबर

पट्टीखाली खाज येते.

१२ नोव्हेंबर

आता खाज नाही, आग. पट्टीच्या कडेने कातडी लाल, बारीक फोड. मावशीने पाहिलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"खाल्लास ना?"

"थोडासा."

"परवा टोपलीत मुठी उठल्या होत्या! मला वाटलं मांजराने तोंड घातलं. मांजराला तरी अक्कल असते!"

तिने पांढरी माती कालवून कडेने लावली. जरा गार वाटलं. इस्पितळात फोन करावा का? पण काय सांगायचं? नको ते खाल्लं म्हणून? माझ्याच हाताने झालं, त्यात त्यांना कशाला ओढायचं.

१४ नोव्हेंबर

दारनीचा चौकशीचा फोन आला. "ठीक आहे" म्हटलं. "तुम्हाला कामं खूप, ठेवा" असंही म्हटलं! फोन ठेवला आणि पंख्याखाली जाऊन उभी राहिले.

१५ नोव्हेंबर

तपासणीचा दिवस. दारनीने पट्टी उचलली, तिच्याबरोबर कातडी निघाली. ती लगेच बाहेर जाऊन डॉक्टर पैरोतना घेऊन आली.

डॉक्टर एरवी मवाळ. आज नव्हते. "किती दिवस?"

चार म्हटलं.

"चार! आणि काल फोनवर ठीक होतं?"

मला भाताचं सांगावं लागलं. तोंड वर करवत नव्हतं. दारनी माझ्या छातीकडे बोट करून म्हणाली, "ताई, भाताने असे चौकोनी फोड येतात का?"

खाली पाहिलं. पट्टी जेवढी, फोड तेवढेच. कोपरेसुद्धा.

चिकटपट्टीतल्या डिंकाचीच ॲलर्जी आहे. फोड टाक्यांपासून दोन बोटांवर आहेत. जंतू आत शिरले तर सिलिकॉन काढावं लागेल. "आणि ही कातडी आता पुन्हा ताणता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. म्हणजे गेलं तर कायमचं. दहा दिवस पाहायचं. चिकटणारं काहीही लावायचं नाही – मलम, त्यावर कोरडी जाळीची घडी, वरून सुती कापड बांधायचं.

"घरात आणखी कुणाला आहे असं?" दारनीने विचारलं.

नाही म्हटलं.

बसमध्ये आठवलं.

१६ नोव्हेंबर

काल पुढचं लिहिता आलं नाही.

फेब्रुवारीत आईला दुखणं कमी करणाऱ्या औषधाचे पॅच दिले होते. खांद्यावर चिकटवायचा, तीन दिवसांनी बदलायचा. दुसऱ्या की तिसऱ्या पॅचला ती म्हणाली, "ऑय, जळतं गं हे." एक कोपरा तिने सोडवला होता. मी कचेरीतून दमून आले होते. म्हटलं, "सगळ्यांना चालतं, तुलाच कसं जळतं? पोरकटपणा करू नकोस." तळहाताने पॅच दाबला आणि पाकिटावर लिहिलं होतं तसे तीस आकडे मोजले. मोठ्याने.

ती माझ्याकडे बघत होती.

नंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मला वाटलं, सवय झाली.

१८ नोव्हेंबर

मावशीने कपाटातून आईचा लुंगीसारखा नेसायचा सारोंग काढला. कात्री लावताना तिचा हात थांबला, मग सरळ चालला. दोन पट्टे शिवले, एक अंगावर, एक धुऊन दोरीवर. टोकांना बंद. "आईच्या सारोंगचा तुकडा अंगावर असला की गोळी लागत नाही. लढाईवर जाणारी पोरं न्यायची."

"मला कोण गोळी मारतंय?"

"तुझी तूच मारतेस. गप उभी राहा!"

हात वर जात नाही, म्हणून बांधणं, सोडणं, धुणं सगळं तीच करते. गाठ मागे मारते.

दारनीचा फोन आला तेव्हा सांगितलं, तर ती हसली. मग विचारलं, "सुती आहे ना?" हो. "मग उत्तम."

२१ नोव्हेंबर

फोड सुकताहेत. एक सोडून. तो टाक्यांकडचा.

आज आपण होऊन फोन केला. "दारनी, एका जागी ओलं आहे." ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि दुसरं मलम सांगितलं. बस, एवढंच.

२५ नोव्हेंबर

कोरडं झालं. डॉक्टर म्हणाले, सिलिकॉन राहील. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा राहील म्हणाले. फाइलवर दारनीने लाल अक्षरांत लिहिलं – चिकटपट्टी नको.

येताना कोंबडी घेतली. मावशीने तोंड वाकडं केलं, पण शिजवली.

२८ नोव्हेंबर

मावशी काल गावी गेली. आज पहिल्यांदाच पट्टा मी धुवायला घेतला. दोरीवरचा, सारोंगच्या कमरेकडच्या पांढऱ्या कापडाचा. उलटा केला तर आतून डिंकाचे चौकोन. काळपट, कडांना धागे चिकटलेले. पॅचएवढे. नऊ.

मावशीला फोन केला. डागांचं विचारलं. ती म्हणाली, "तू कचेरीत गेलीस की आई तुझी पॅच काढून तिथे लावायची. तुझी स्कूटर वाजली की परत खांद्यावर. पोरगी दमून येते, तिला सांगू नकोस म्हणाली."

"आणि दिवसभर दुखायचं तेव्हा?"

"चटई धरून बसायची."

पट्टा धुतला. डाग गेले नाहीत. दुपारपर्यंत वाळला. आरशापुढे उभी राहून बांधला. गाठ पुढे घेतली.