घरचा वाटा

नामाचे बाबा,

"मालू, आधी घरचा वाटा काढ, मग पाटी उचल," असं तुमची आय मला पहिल्या बाजाराला बोललेली. अजून कानात आहे.

आज मासळीची पाटी मोरीशी पालथी ठेवलेय. मी कल्याणला भाजी आणायला चाललेय. उद्यापासून कोपरीच्या बाजारात मासळीऐवजी मेथी, माठ घेऊन बसेन. जाळ्याचं काय ते तुम्ही बघा. टोपात वालाचं बिरडं आहे. नामाला वाढा, तुम्हीही नाक न मुरडता जेवा.

घरात मासळी का शिजत नाही असं विचारलंत, की मी "सगळी खपली" म्हणायची. ते खोटं होतं. कारखान्याचं पाणी पडतं तिथे मेलेले मासे तरंगताना पाहिले, तेव्हापासून आपल्या खाडीचा मासा नामाला द्यायला हात होईना. चार महिने घरचा वाटा काढलाच नाही. पाटी मात्र रोज नेली.

काल नेहमीच्या गिऱ्हाईक सरोजबाई गरोदर लेकीला घेऊन आल्या. म्हणाल्या, "मालू, तुझ्या घरी शिजतं तेच दे गं हिला." मी हसले आणि चांगली बोय निवडून दिली.

माझ्या लेकराला दिला नाही तो मासा मी त्यांच्या लेकीला दिला. कल्याणच्या आधी त्यांच्या दारी जातेय, हे सांगायला.

मालू