आत्याची घोंगडी आणि शीतगृहाचा सर्व्हर

आदरणीय कूम ल्युबोद्राग यांस विदोसावचा मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? जिचे धर्मपिता होऊन तुम्ही आमचे कूम झालात ती तुमची धर्मकन्या, म्हणजे आमची धाकटी, मजेत आहे, पुढचा दात पडलाय. मी सोडून बाकी सगळे बरे आहेत. (पत्र हाताने लिहून तुमच्या चाचाक गावी जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय, कारण ई-मेल ज्याच्यातून जातं तोच आजारी आहे, त्याच्यावर आणखी भार नको. आणि फोन करावा तर अख्खं ऑफिस कान टवकारून बसतं.)

वसंतात तुम्ही आमच्या रास्पबेरीच्या शीतगृहात सर्व्हर बसवलात आणि याला हात लावू नका, असं बजावलंत. मी मान डोलावली. मनात मात्र म्हटलं, मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, हा तर माझ्या कॉम्प्युटरपेक्षाही गरीब. माझा कॉम्प्युटर संध्याकाळी बंद केला तर कुणाच्या बापाचं काही जात नाही. सकाळी उठतो, कुरकुरतो, कामाला लागतो. हा मात्र अहोरात्र घोंघावतो, आणि वर याला विजेच्या दोन दोन वायरी! जूनमध्ये कॉफीची शेगडी लावायला जागा नव्हती म्हणून मी एक काढली. काहीही झालं नाही. (तेव्हापासून मी स्वतःला या विषयातला जाणकार समजू लागलो, हीच चूक झाली.)

स्तामेन्का आत्याला तुम्ही ओळखताच. मला वाढवलं तिनेच, आणि ऑफिसची झाडलोटही तीच करते. गरम हवा बाहेर जावी म्हणून तुम्ही सर्व्हरमागची खिडकी सताड उघडी ठेवायला सांगितलीत, आणि समोर दार. म्हणजे आरपार वारं. आत्याच्या मते जगात आजार दोनच: आरपार वारं आणि ओले केस. (मी हसतो. मी शिकलेला माणूस आहे.) ती म्हणाली, "अरे, दिवसरात्र एकटा राबतोय बिचारा, पाठीवर वारं घेऊन. उद्या मान धरली त्याची तर तुझा कूम येणारे का चोळायला?" मी हो-नाही करेपर्यंत खिडकी बंद झाली होती आणि सर्व्हरवर तिची लोकरी घोंगडी होती, चारी बाजूंनी नीट खोचलेली.

गुरुवारी, ऐन तोडणीत, ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली असताना तो आतल्या आत तापून गप्प झाला. माझा कॉम्प्युटर बंद पडला तर मी एकटा रडतो; हा बंद पडला तर वजनकाट्यावरची नेवेन्का, हिशेबाची खोली, थंड खोल्यांचं तापमान बघणारा रादिशा, सगळे एका सुरात रडू लागले. आमचे कॉम्प्युटर धडधाकट चालू होते हो, पण त्यांच्या पोटात काहीच नव्हतं. सगळं याच्या पोटात. पावती निघेना, पावतीशिवाय शेतकरी क्रेट उतरवेनात, आणि रास्पबेरी काही कुणासाठी थांबत नाही. क्रेटमधून लाल रस गळायला लागला. (शेतकऱ्यांच्या तोंडून काय गळत होतं ते लिहीत नाही.)

घोंगडी काढली, खिडकी उघडली, काढलेली वायरही गुपचूप परत लावली. बऱ्याच वेळाने तो उठला आणि फळ जेमतेम वाचलं. (खिडकी उघडल्यापासून माझी मान धरलीय. योगायोग.) पण एका डिस्कवर पिवळा दिवा लागलाय. तुम्ही म्हणाला होतात, दोन्ही डिस्क एकच गोष्ट लक्षात ठेवतात, एक गेली तर दुसरी सांभाळते. आता ती दुसरी एकटीच सांभाळतेय आणि मी काम सोडून तिच्यापुढे बसून असतो. तीही गेली तर हंगामभर कुणी किती फळ घातलं ते देवालाच ठाऊक. नवी डिस्क घेऊन लवकर या, एवढंच मागणं.

आपला,
विदोसाव

ता. क. एवढंच नाही. व्यवस्थापक मिर्चेता सोमवारी हवापालट करून परत येतायत आणि ज्याची चूक निघेल त्याला घरी पाठवणार आहेत. चूक कुणाची, तो अहवाल तुमच्याकडून मागवणार आहेत. आत्याची पेन्शन एका वर्षावर आलीय. तिने घोंगडी धुऊन ठेवलीय आणि रोज येऊन मला विचारते, "आता बरं वाटतंय का त्याला?" मला तिच्याकडे बघवत नाही. तेव्हा कूम, घोंगडीचं नाव काढू नका. लिहा की सर्व्हरला आरपार वारं बाधलं. मिर्चेता पुढचं वाचणारच नाहीत. त्यांचे वडील वाऱ्यानेच गेले, असं ते आजही सांगतात (ब्याण्णवाव्या वर्षी गेले). आपल्याकडे वाऱ्यापुढे कुणाचीच चूक नसते.

ता. क. २. मात्र अहवाल पाठवू नका, स्वतः घेऊन या. तो वाचल्यावर मिर्चेता पहिलं काम करतील ते त्या खिडकीला खिळे ठोकण्याचं.