क्रॉलीला पाडायचंय

४ नोव्हेंबर २००३
जिंकलो! मिस्टर क्रॉली पुन्हा काउंटी बोर्डावर. महिनाभर अख्ख्या हर्नडनची दारं ठोठावली, पायांचे तुकडे पडलेत. घरी नवरा, प्रल्हाद, म्हणतो, "पद्मजा, या रिपब्लिकनांनी तुला काय दिलं गं?" देतील! क्रॉलींनी स्वतः शब्द दिलाय — काउंटीच्या प्लॅनिंग कमिशनवर जागा रिकामी झाली की ती माझी.

२१ मे २००५
जागा रिकामी झाली. पार्टीच्या पिकनिकमध्ये त्यांना शब्दाची आठवण करून दिली. हसले. सगळ्यांसमोर! "तुझ्या इंग्रजीत मीटिंग चालली तर लोक घरी जातील. तू जेवण वाढ, ते तुला छान जमतं." सगळे हसले. मीही हसले! त्याचीच जास्त चीड येते.

२२ मे
क्रॉलीला पाडायचंय. बस.

९ सप्टेंबर २००६
आता डेमोक्रॅट्सच्या ऑफिसात जाते. विचार बदलले वगैरे काही नाही. तिकडे क्रॉली आहे म्हणून मी इकडे.
आमच्या भागातले जुने गोरे म्हातारे घरं विकून फ्लॉरिडाला चाललेत, त्यांच्या जागी आपले आयटीवाले. सुमित्राकाकू परवाच सिटिझन झाल्या. मतदार म्हणून नाव नोंदवून घेतलं. म्हणाल्या, "मत कुणाला द्यायचं ते तूच सांग."
म्हटलं, क्रॉली सोडून कुणालाही.

६ नोव्हेंबर २००७
वाचला! फक्त अठ्ठ्याऐंशी मतांनी. मतदान केंद्राबाहेर हात पुढे केला — "नो हार्ड फीलिंग्ज?"
माझे हात कोटाच्या खिशातच राहिले.

५ नोव्हेंबर २००८
राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आमचं व्हर्जिनिया डेमोक्रॅट झालं! चव्वेचाळीस वर्षांनी! सई कॉलेजातून फोनवर रडत होती, "आई, वी डिड इट!" मीही रडले. पण खरा आनंद कशाचा, ते लेकीला नाही सांगितलं — क्रॉलीच्या स्वतःच्या गल्लीतलं केंद्रसुद्धा आमच्याकडे आलं! घाबरला असेल. घाबरू दे. पुढच्या निवडणुकीत पाळी त्याची आहे.

१३ डिसेंबर
क्रॉली डेमोक्रॅट झाला!!
आमची अध्यक्ष कॅरल नाचतेय. "हा भाग तू फिरवलास, पद्मजा. स्वागतही तूच कर." स्टेजवर त्याने मला मिठी मारली. "वी आर फॅमिली नाऊ." केवढ्या टाळ्या! मी दारोदार फिरून मतं जमवली आणि हा आयता त्यांवर येऊन बसला. शब्दाचा, पिकनिकचा विषयसुद्धा नाही. विसरलाच असेल.
प्रल्हाद म्हणाला, "सोड आता. तुझा पक्ष जिंकला ना?"
माझा पक्ष!

१५ डिसेंबर
सकाळी रिपब्लिकन ऑफिसात फोन केला. विचारलं, पुढच्या वेळी क्रॉलीविरुद्ध कोण?
"अजून कोणी नाही."
म्हटलं, मी आहे.