चौथी पट्टी

रविवार, दुपारचे तीन

प्रिय ताई,

नमस्कार. 'तू मजेत असशील' असं लिहून सुरुवात करायची असते, पण तू मजेत नाहीस हे परवा व्हिडिओ कॉलवर दिसलं. बोलता बोलता तुझे डोळे मिटत होते. दर दोन तासांनी आईची कूस बदलायची म्हणजे झोप ती कसली! आणि मी इकडून म्हणतो, 'काळजी घे.' बोलायला काय जातं माझं?

त्याच फोनवर तू विचारलंस, "केस का एवढे वाढवलेत? जटा ठेवायच्यात का?" मी म्हणालो, कामातून सवड नाही. खोटं. काम नेहमीचंच आहे. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, वजनं पारखायची, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा. पाचला मोकळा होतो. सलून घरापासून चार पावलांवर आहे. तरी सात आठवडे तिकडे फिरकलो नाही. बाजूच्या गल्लीने वळसा घालून घरी येतो.

ते सलून म्हणजे माझ्या दोस्ताचं, आम्ही उस्ताद म्हणतो त्याचं. दोन वर्षं आम्ही पहाटे बरोबर पोहलो, बरोबर सायकली मारल्या. शर्यतीलाही बरोबरच गेलो. शर्यतीचं मी तुला दोन वाक्यांत सांगितलं होतं आणि पदक घातलेला फोटो पाठवला होता. तू तो आईच्या उशाशी, औषधांच्या बाटल्यांना टेकवून ठेवलास. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते म्हणालीस. आता नीट सांगतो.

आधी तळ्यात दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावणं. सगळं मिळून साडेआठ तासांत. त्यापुढे एक मिनिटही झालं की पदक नाही. पाण्यात कुणाची तरी टाच माझ्या जबड्यावर बसली आणि मी पोटभर तळं प्यालो. सायकलवर परतीचा सगळा रस्ता वारा तोंडावर. सत्तराव्या किलोमीटरला मांड्यांत असे गोळे आले की चढावर उतरून सायकल ढकलली. तेव्हा मी रडलो, ताई. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही, स्वतःच्या हौसेने गेलेला चाळिशीचा बाप्या रस्त्याकडेला रडतोय. हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं.

धावायच्या चार फेऱ्या होत्या. पायाला बांधलेल्या चिपवरून मोजणी व्हायची, पण वळणावरचं यंत्र उन्हाने बंद पडलं होतं. म्हणून फेरी झाली की मनगटात एक रबरी पट्टी घालत होते. चार पट्ट्या झाल्या की शेवटच्या कमानीकडे वळायचं. पट्ट्या घालायला एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, बिचाऱ्या सकाळपासून उन्हात. दुसऱ्या फेरीअखेर मी आणि उस्ताद त्यांच्यासमोर आलो. पट्ट्या उन्हाने एकमेकींना चिकटल्या होत्या. बाईंनी माझ्या हातात घातली ती एक नव्हती, दोन होत्या. उस्तादलाही दोन.

मी पाहिलं. लगेच पाहिलं. दिवसभर दुसऱ्याच्या काट्यातला गुंजभर फरक शोधणारा माणूस मी, मला दिसणार नाही? चार पावलं पुढे गेलो आणि मागून उस्तादचा आवाज आला, "बाई, दोन आल्यात. ही एक घ्या." मी मागे वळलो नाही. तो धापा टाकत माझ्या बरोबरीला आला. तिसरी फेरी आम्ही खांद्याला खांदा लावून केली. पाणी त्याच्या बाटलीतलं प्यालो.

तिसरी संपली. त्याला तिसरी पट्टी मिळाली, मला चौथी. मी कमानीकडे वळलो.

तो म्हणाला, "जातोस?"

मी म्हणालो, "हो. तू ये मागनं."

चौदा मिनिटं शिल्लक ठेवून मी पोचलो. गळ्यात पदक पडलं, फोटो निघाला, तोच तो. उस्ताद आला तो वेळ संपून अर्धा तास झाल्यावर. तोवर कमानीतली हवा काढून घडी घालत होते. मी टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "चल, सायकली घेऊ. काळोख व्हायच्या आत घरी पोचलं पाहिजे."

बाकी काही नाही. एवढंच झालं.

बुधवार

ताई, रविवारी 'एवढंच झालं' लिहून पेन ठेवलं. पत्र तीन दिवस टेबलावर पडून होतं. एवढंच झालेलं नाही, म्हणून पुढे लिहितो.

'शर्यत होऊ दे, मग महिनाभर येतो आणि आईचं सगळं बघतो,' असं मी तुला दोन वर्षं सांगत आलो. शर्यत होऊन सात आठवडे झाले. तू एकदाही आठवण करून दिली नाहीस, म्हणून तर जास्त लागतं. मी आलो नाही कारण तो फोटो तिथे आहे. आईच्या उशाशी बसायचं, तिला भरवायचं आणि समोर तो दात काढणारा मी. खाई त्याला खवखवे.

आणखी एक. मला दम लागला म्हणून मी ती फेरी सोडली असं स्वतःला सांगत होतो. दम उस्तादलाही लागला होता. तुलाही लागतो. तू एक तरी कूस चुकवलीस का? मला फार लाज वाटते, ताई.

काल संध्याकाळी सलूनमध्ये गेलो. उस्तादने मान वर करून पाहिलं, खुर्ची झटकली, गळ्याभोवती कापड बांधलं आणि विचारलं, "नेहमीसारखे?" वाटलं होतं, आज बिनपाण्याने हजामत होणार. त्याने कोमट पाणी घेतलं. आरशात बघत मी सगळं सांगून टाकलं. त्याची कात्री थांबली नाही.

"मला माहीत आहे की," तो म्हणाला. "तुझ्या शेजारीच धावत होतो ना मी."

"मग कुणाला बोलला का नाहीस?"

"मी कशाला बोलू? ती फेरी माझी होती का?"

मग तोच म्हणाला, "मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन महिने होत आले, म्हटलं हा केस कापतो तरी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही."

"ते दिसतंय," म्हणाला, आणि हसला. मला मात्र हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते केस गेल्यामुळे, असं त्यालाही सांगितलं आणि त्याने ते मानून घेतलं.

घरी येऊन शर्यतवाल्यांना कळवलं, माझं नाव यादीतून काढा. पदक आज टपालाने परत पाठवलं. शूर झालो असं अजिबात वाटत नाही. खूप थकवा आलाय, शर्यतीनंतर आला होता त्याहून जास्त.

आता आईचं. तिला तू काही सांगू नकोस आणि फोटोही काढू नकोस. मी तिच्यासमोर बसून सांगेन आणि मीच तो काढीन. ती रागावेल, नाहीतर ऐकूच आलं नाही असं दाखवेल. दोन्ही चालेल.

महिन्याची रजा मंजूर झाली आहे. पुढच्या शुक्रवारी सकाळी सातला दारात असेन. कूस कशी बदलायची, कोणती गोळी कधी, ते एका कागदावर लिहून दारामागे चिकटव, दार नुसतं लोटून ठेव आणि तुझ्या खोलीत जाऊन झोप. मी आल्याचा आवाज आला तरी उठू नकोस. दुपार झाली तरी उठू नकोस.

एक फेरी कमी धावलेला
तुझा धाकटा