चंद्री दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाही

१४ एप्रिल
ठरलं! मे महिन्यात आठवडाभर पणजी. आईला समुद्र दाखवायचा. शेहेचाळीस वर्षांची झाली, श्रीगोंद्याच्या पलीकडे गेली ती लग्नांना, दहाव्यांना आणि देवाला. नुसतं फिरायला? कधीच नाही. घरातली पहिली पदवी माझी, शाळेतली नोकरीही पहिली माझी. मग ही पहिली सहल माझ्याच हातून व्हायला हवी.

जेवताना अण्णांना सांगितलं, आईलाही सुट्टीचा हक्क आहे. अण्णा हसले. "ती कुठल्या नोकरीला हाय, सुट्टी घ्यायला?"

आई भाकरी थापत राहिली.

१५ एप्रिल
आजीचा एकच प्रश्न — "तिथं देव कोनता?" समुद्र, म्हटलं. "समुद्राला काय नवस बोलायचा?" शेवटी मंगेशीचं नाव घेतलं. लगेच तयार! पण आजीला न्यायचं कधी ठरलं? आम्ही दोघीच जाणार होतो ना?

१९ एप्रिल
आता आम्ही नऊ जण. अण्णा, आजी, माझा भाऊ हर्षल, काका, काकू, त्यांच्या दोन मुली. काकांनी क्रूझर गाडी ठरवली. काकूंनी सामान काढलं — गॅसची शेगडी, तवा, परात, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी. "बाहेरचं अण्णांना सोसत न्हाई." पणजीतल्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर आहे का, हे मीच फोन करून विचारलं. आहे! जवळच समुद्र आणि ताटात आईच्या हातची भाकरी. हर्षल म्हणाला, "एक नंबर!" मलाही छानच वाटलं.

आई उठून गोठ्यात गेली.

२३ एप्रिल
आई नाही म्हणते! "चंद्री दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई. आठ दिस दूध कासंत राहिलं तर गाय हातची जाईल."

बाकीच्या दोन गायींच्या धारा शेजारचे वाल्मिकदादा काढणार आहेत. पण चंद्रीचं नाव निघालं की घरात सगळेच माना डोलावतात. व्हय, लई आडमुठी! पाच वेतं झाली, आईशिवाय कोणी तिच्याखाली बसलेलं नाही.

एका गायीसाठी समुद्र सोडायचा? मला कळतच नाही.

२७ एप्रिल
वाल्मिकदादांनी तोड सांगितली. "काढनाऱ्यानं तुझ्या आईची साडी अंगावर घ्यायची. वासानं गाय फसती."

"तुम्ही नेसाल?"

"पांघरीन की! गायीपुढं कसली लाज?"

आधी मी करून बघते. आईला सांगायचं नाही.

२९ एप्रिल
आई संध्याकाळी शेजारच्या वस्तीवर हळदीला गेली. तिची गोठ्यातली हिरवी साडी ड्रेसवरच गुंडाळली. कासेला पाणी मारलं आणि देवाचं नाव घेऊन बसले. दोन धारा काढल्या नाहीत तोच साडी सुटून शेणात. आता लाथ बसणार! — चंद्री आपली रवंथ करत उभी. निम्मी बादली भरली तेव्हा माझीच बोटं दुखायला लागली.

आई आल्याआल्या धावत गेले. "आई, सुटलीस तू! ती कोणालाही देते!"

आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, गाय परकी झाली म्हणून वाईट वाटलं असेल.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "पयल्यापासून देती. कुनाला सांगू नको."

का पण?

"गोठ्यात मला कोनी हाक मारत न्हाई, बाई."

२ मे
तीन दिवस तेच डोक्यात. शेगडी, परात, नऊ माणसं. मी आईला सुट्टी देत होते की तिचं स्वयंपाकघर क्रूझरमध्ये भरत होते?

म्हटलं, सगळं मोडू, दोघीच जाऊ. तर म्हणते, "पोरींनी टोप्या आनल्यात. आजीनं पिशवी भरलीय. कशाला मोडतीस? तुमी जा समदे. मला आठ दिस घर दे."

घर दे! सव्वीस वर्षं ज्या घरातून हलली नाही, तेच मागते? समुद्र नको? मी काय देत होते, कोणाला देत होते — काहीच उलगडत नाही.

५ मे
आज सगळ्यांसमोर खोटं बोलले. मी! वर्गात मुलांना खरं बोलायला सांगणारी. "साडी नेसून बघितली. चंद्रीनं लाथ मारली."

अण्णा लगेच म्हणाले, "मग राहू दे तिला. गायीपुढं इलाज न्हाई." इतकं सोपं! एकदाही "अरेरे" नाही.

काकू तेवढ्या म्हणाल्या, "मग भाकरी कोन करनार? मी तर सुट्टीला चालले बाई!"

सगळे हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

१२ मे, पणजी
तिसरा दिवस. आठ जणांच्या भाकऱ्या, दोन वेळा, शिवाय चार वेळा चहा. बाकीचे पाण्यावर गेलेत. मी अजून समुद्र पाहिलेला नाही.

सकाळी अकराला आईला फोन केला. चक्क झोपली होती!

"कसा हाय गं समुद्र?"

"लई मोठा," म्हटलं.