टोलीच्या खाली थांबलेलं पाणी

साहेब,

आज १७ सप्टेंबर १९७८, रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मी नकाशावर रेघा ओढायचं पेन वाटीतल्या पाण्यात धूत होतो. ते धुतलेलंच होतं. पण काल रात्री नऊ वर्षांनी मला सलग झोप लागली, आणि सकाळपासून हातांना काय काम द्यावं ते कळत नव्हतं. काल मी कुहीकडच्या आपल्या तलावावर जाऊन आलो. यंदा तो पहिल्यांदा पूर्ण भरला आहे, सांडव्यावरून पाणी पडतं आहे. काठावरच्या टोलीतली, त्या लहानशा वस्तीतली, सातही घरं कोरडी आहेत. हे आधी सांगून टाकतो. बाकीचं सांगायला मला वेळ लागेल.

तुम्ही मला जमीन मोजणीवर खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून घेतलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि मॅट्रिकला दोनदा नापास झालो होतो. गणित राहायचं. मराठीत मात्र माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक कधी निघाली नाही, आणि नकाशावर गावांची नावं लिहायला तुम्हाला असाच माणूस हवा होता. बाकी दिवसभर पट्टी धरायची, ती लाल-काळ्या आकड्यांची, माणसाच्या दुपटीहून उंच. तुम्ही दुर्बिणीतून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, मग दुर्बीण उचलून पुढे जायचं आणि तिथून मागे वळून त्याच पट्टीवरचा आकडा पुन्हा वाचायचा. या मधल्या वेळात खलाशाने त्या दगडावरून हलायचं नाही. पहिल्या दिवशी मला तहान लागली म्हणून मी पट्टी झाडाला टेकवून पाणी प्यायलो, तेव्हा तुम्ही अर्धा मैल परत चालायला लावलं होतं. रागावला नाहीत. नुसते माझ्या पुढे चालत राहिलात, आणि ते रागावण्याहून वाईट होतं.

नकाशावरच्या वाकड्यातिकड्या रेघा म्हणजे काय, हे मला तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. नागपुरात महाल भागातल्या तुमच्या घरी मी वही पोचवायला आलो होतो आणि काकू पोळ्यांची कणीक मळत होत्या. मी विचारलं की दोन रेघा एकमेकींना कापत का नाहीत. तुम्ही काकूंच्या हातातून कणकेचा गोळा घेता, परातीत त्याची टेकडी करता, एका बाजूला चढ उभा, दुसऱ्या बाजूला लांब पसरलेला. मग तांब्याने बोटभर पाणी ओतता आणि पाण्याच्या काठाने काडीने रेघ ओढता. आणखी बोटभर पाणी, आणखी एक रेघ. चार रेघा झाल्यावर पाणी ओतून टाकलंत आणि मला म्हणालात, आता वरून बघ. उभ्या चढावर रेघा एकीला एक लागून होत्या, पसरट बाजूला दूर दूर. काकू म्हणाल्या, "झाली शाळा? आता या डोंगराच्या पोळ्या तुम्हीच लाटा." त्या दिवशी तीच ओलसर पोळी मी तुमच्या पानाशेजारी बसून खाल्ली. आमच्या घरी तोवर मला कोणी काही शिकवायला म्हणून कणीक वाया घालवली नव्हती.

पसरट बाजूचीच मला पुढे भीती बसली. कुहीकडची जमीन तशीच आहे, धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं, एकीखाली एक, डोळ्याला सगळं सारखंच दिसतं. तुम्ही म्हणायचे, डोंगरावर हातभर चूक झाली तर पाणी दोन पावलं सरकतं. इथे चार बोटं चुकलास तर पन्नास पावलं सरकेल. तलाव भरला की पाणी कुठवर येईल ती रेघ आपण शोधत होतो. रेघेच्या आतल्यांना सरकार नोटीस देणार, पैसे देणार, दुसरी जागा देणार. रेघेच्या बाहेरच्यांना काहीच नाही. शेवटी नकाशावर टोली बाहेर आली, पण खालच्या घरापासून रेघ जेमतेम चाळीस पावलांवर.

त्या पौषात दोन दिवस पाऊस झाला होता. काळी माती पायाला, पट्टीला, सगळ्यालाच चिकटत होती. तुमचा नियम होता, पट्टी टेकवायच्या आधी दरवेळी तिचं बूड पुसायचं. टोलीच्या खालच्या दगडावर मी ते पुसलं नाही. बोटं गारठली होती, इतकंच कारण. तुम्ही आकडा वाचलात, दुर्बीण उचललीत, पुढे गेलात. तेवढ्यात मी खाली पाहिलं, तर पट्टीखाली चार बोटं माती. मी घाबरून पट्टी उचलली, बूड स्वच्छ पुसलं आणि पुन्हा त्याच दगडावर ठेवली. पुसलं नसतं तरी चाललं असतं, हे मला नंतर समजलं. दोन्ही आकड्यांत तीच माती राहिली असती आणि हिशेबात निघून गेली असती. मी चूक झाकायला गेलो आणि तिथेच ती पक्की झाली. त्या दगडाच्या पुढची सगळी जमीन, टोलीसकट, वहीत चार बोटं उंच चढली.

संध्याकाळी आपण सकाळी जिथून निघालो होतो त्याच पुलावरच्या खुणेवर परत आलो. उंची जुळायला हवी होती. तुम्ही कंदिलाजवळ बसून बेरीज केली, मग पुन्हा केली. ओठ हलत होते. मी तांदूळ निवडत होतो, म्हणजे निवडलेलेच पुन्हा निवडत होतो. तुम्ही वही मिटली आणि म्हणालात, "उद्या तू नागपूरले जा, हा नकाशा ऑफिसात दे. नावं नीट लिहून आण." मी विचारलं, "काहून साहेब, काही चुकलं काय?" तुम्ही म्हणालात, "थंडी लय आहे. एक दिवस घरी झोप." मातीचं मी सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळच्या पहिल्या बसने निघून गेलो.

पुढच्या वर्षी तुम्ही वारलात. त्याआधी माझं नाव ट्रेसरच्या जागेसाठी पुढे केलंत, म्हणून टोलीखालची ती निळी रेघ शेवटी मीच शाईने ओढली. आकडे कुठून आले ते मी पाहिलं नाही. वही कपाटात होती, कपाट माझ्या पाठीशी होतं, आणि ते उघडायची माझी छाती झाली नाही. मग बांध झाला. गेल्या वर्षी पाऊस कमी, तलाव अर्धाच राहिला. यंदा श्रावणात नाग नदीचं पाणी चढल्याचं ऐकलं तेव्हापासून मी रोज ऑफिसात कोणी ना कोणी कुहीकडचा माणूस शोधत होतो. शेवटी काल शनिवारी रजा टाकली, नकाशाची प्रत गुंडाळून काखेत घेतली आणि बस पकडली.

पाणी दिसलं तेव्हा मी आधी घरांकडे पाहिलंच नाही. पाण्याच्या काठाने चालत राहिलो. मोहाच्या झाडाला डावीकडे ठेवून काठ आत वळत होता, नाल्यात टोकदार शिरत होता, पुन्हा बाहेर येऊन सरळ होत होता. प्रत उघडून धरली. तसंच. माझ्याच हाताचं वळण, पण पाण्याने काढलेलं. मग पावलं मोजली खालच्या घरापर्यंत. चाळीसवर दोन. पुन्हा मोजली. एक बाई दारात भांडी घासत होती, ती सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, हा माणूस काहून चकरा मारून राहिला, पहा ना."

म्हातारा बाहेर आला. मी ऑफिसचं नाव सांगितलं तर आधी त्याने मला शिव्याच दिल्या, रस्त्याच्या गिट्टीवरून. मग नीट पाहिलं. "पट्टी धरणारा पोरगा तूच काय गा? तवा तर पट्टीच तुह्याहून जाड होती." त्याने मला बाजेवर बसवलं, चहा सांगितला. मी विचारलं, पाण्याची भीती वाटली नाही का. तो म्हणाला, काहून वाटंल, तुह्या साहेबानं दोनदा मोजलं ना.

मी कप खाली ठेवला.

म्हातारा सांगत गेला. मी नागपूरला गेलो त्या दिवशी तुम्ही एकटेच परत आला होता, टोलीखालच्या त्याच दगडाच्या अलीकडून पुन्हा मोजायला. म्हाताऱ्याच्या मुलाच्या हाती पट्टी दिलीत आणि दिवसभर त्याला एकच सांगत राहिलात, बूड पुस. पोरगा इतका वैतागला की संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा बापाने ताटाचं बूड पुसलं का म्हणून विचारलं, तर उठून गेला. हे सांगताना म्हातारा हसून हसून खोकायला लागला. मलाही हसू आलं, आणि मग कितीतरी वेळ आवरलं नाही. नऊ वर्षं मी ज्या घरांना पाण्यात बुडताना पाहत होतो, त्यांतल्याच एका घराच्या अंगणात बसून मी हसत होतो.

"मीनं त्याले इचारलं होतं," म्हातारा म्हणाला, "कालच तर मोजलं, आज काहून आले? तर म्हणे, पोरानं पट्टी बरोबर धरली होती, मलेच बरोबर दिसलं नाही. डोळे गेले होते बिचाऱ्याचे. तरी येऊन गेला, हे लय झालं."

बस सव्वापाचला होती. चहा संपवायला, प्रत गुंडाळायला, बाजेवरून उठायला मला भरपूर वेळ मिळाला होता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, महालातल्या घरी आता दुसरे लोक राहतात. म्हणून इथे लिहून ठेवतो. तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. मी म्हाताऱ्याला ते सांगितलं नाही. मान हलवली, आणि म्हणालो, हो, साहेबांना थोडं कमी दिसायचं.