हरणाच्या हुकाला टांगलेली गिटार

प्रिय ऑर्लिन भावजींना,

आर्लिसचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? विस्कॉन्सिनात बर्फ पडलंय, मी बरी आहे, वेळेवर जेवते. (तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं.)

तुमच्या भावाने, वर्ननने, सुट्या भागांची इलेक्ट्रिक गिटार मागवली होती. ती खोक्यातच ठेवून तो गेला. एकदा ती वाजलेली ऐकल्याशिवाय मला चैन पडेना. लायब्ररीतून पुस्तक आणलं (चित्रं कमी, धमक्या जास्त) आणि कामाला लागले. लाकूड घासताना असा भुसा उडाला, की आठवडाभर सूपलासुद्धा त्याचीच चव. मग लाल रंग फवारला. वाळायला टांगायची कुठे? गॅरेजच्या आढ्याला वर्ननचा हरीण टांगायचा हुक होताच. शिकारीचा हंगाम, त्यात खिडकीवर वाफ धरलेली. शेजारच्या जेनीव्हने बाहेरून काहीतरी लालभडक लोंबकळताना पाहिलं आणि चर्चभर करून टाकलं, की आर्लिसने या वयात हरीण पाडलं! दुसऱ्या दिवशी बाई पातेलं घेऊन दारात. “सॉसेजपुरतं मांस देशील ना गं? का एकटीच फस्त करणार?” मी तिला आत नेऊन दाखवलं. तिने ओल्या रंगाला बोट लावून पाहिलं (तो ठसा मी आता नक्षी म्हणून खपवते) आणि म्हणाली, “अगंबाई, मग शिंगं कुठायत हिची?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. वर्नन गेल्यापासून त्या गॅरेजात कुणी हसलं नव्हतं.

पुढे मान जोडली, आतल्या वायरींना डाग दिला (बोटालाही दिला), तारा ताणल्या, स्पीकरला लावली. पहिल्याच झटक्याला काच थरथरली, जेनीव्हचं कुत्रं केकाटलं आणि मी उभ्या उभ्या रडले. आनंदानेच, भावजी. वाजली!

तुमची वहिनी,
आर्लिस

ता. क. वाजली म्हणजे नुसता आवाज आला. मांडीवर घेतली तर बटणं काखेत टोचतात. पुस्तकाशी ताडून पाहिली, तर ही डावखुऱ्याची निघाली. जेनीव्ह म्हणते, “चुकून आलीय, परत पाठव.” पण वर्ननने जन्मात खिळासुद्धा चुकीचा मागवला नाही, आणि आपल्यात डावखुरे तुम्ही एकटेच.

आणखी एक. दफनानंतर तुम्ही आला नाहीत. पुढच्या दारातून आत पाऊल टाकवत नसेल. मलाही टाकवत नाही. मी गॅरेजातूनच ये-जा करते. तुम्हीही तिकडूनच या.